नळीच्या आतली साल

हॅलो?… हो ताई, मीच. थांब, हात पुसते, कोपरापर्यंत पेट्रोल आहे… हं, बोल.

बाबांचा फोन आला होता?… रडत होते? नाही गं, चिडले होते. चिडले की त्यांचा आवाज तसाच होतो.

हो, मीच विमान उडवू दिलं नाही त्यांना… अगं ऐक ना! अंगात मेकॅनिकचा डगला असला की मी कुणाचीही मुलगी नसते… हो, तेही म्हणाले, चाळीस वर्षं उडवतोय म्हणून. पण तो फोन सकाळचा. पुढचं ऐक.

इंजिन? छान चालत होतं… तेच तर! जमिनीवर त्याला घोटभर पेट्रोल पुरतं. वर चढताना गटागटा लागतं. म्हणून मी इंजिनापाशी नळी सोडवली, खाली डबा धरला. आधी करंगळीएवढी धार… मग थेंब… मग तेही नाही.

टाकी? गच्च भरलेली.

मग नळी उभी चिरली. वरून अगदी नव्यासारखी, आणि आत रबराची साल सुटून लोंबत होती, पडजिभेसारखी. पेट्रोल जोरात आलं की हिनं दार लावून घ्यायचं… कुठे म्हणजे? झाडांच्या जरा वर गेल्यावर, ताई. रविवारी तू असणार होतीस त्यांच्याबरोबर.

हॅलो?… आहेस ना?… बरं. पाणी पी आधी.

नाही, कुणाची चूक नाही. नळ्या म्हाताऱ्या होतात, आतून… बाबा ही नळी बदलू देत नव्हते, कारण बसवताना ती आईनं धरली होती आणि त्यांनी आवळली होती. दोघांनी मिळून. मला आज कळलं.

काय म्हणणार? बोटानं ती साल उचलून बघितली. किती तरी वेळ. मग म्हणाले, "सगळ्या काढ." तुकडा तेवढा खिशात घातला.

आत्ता?… आत्ता विमानात बसलेत. हळू बोलते… ऊन कलतंय, शेडचं दार सताड उघडं आहे. पंखांच्या कापडातून उजेड आरपार आलाय, आतल्या फासळ्या दिसतायत, पानाच्या शिरांसारख्या. बाबा डोळे मिटून दांडी हलवतायत. टाकी मी रिकामी केली, नळ्या जमिनीवर पडल्यात, आणि हे उडतायत.

नाही गं, बरे आहेत. मघाशी म्हणाले, "नदी आली बघ." आणि खरं सांगू? शेडचे खांब मागे सरकल्यासारखे वाटले मला… हस, हस तू.

काय, बाबा?… मी?… हो, आले!

ताई, बोलावतायत. पट्टा बांध म्हणे, वारं आहे वर… हो, हो, सांगते त्यांना. ठेवू?

उतरल्यावर फोन करते.