खड्ड्यातली लिंबं

माझं माहेर खोपोलीकडं, घाटाच्या पायथ्याला. पर पयलं हे सांगा, तुमी लिवून कशापायी घेताय? बरं, घ्या. माझ्या खड्ड्याकडं सगळ्यांनी वाकड्या नजरेनंच पायलंय, त्यात तुमी एक. तर खोपोलीला पाण्यावर वीज करायचं काम चाललं व्हतं, तवा माझा बाप तिथल्या एका सायबाच्या बंगल्यावर माळी. सायबाच्या सैपाकघरातनं जे निघंल ते, भाजीची सालं, अंड्याची टरफलं, पिळून टाकलेली लिंबं, बाप खड्ड्यात टाकायचा, वर सुका पाला, वर शेणकाला, वर माती, परत सालं, परत पाला, आन् मधी मधी फावड्यानं खालचं वर करायचा. काय महिन्यांनी सगळं काळं, भुसभुशीत, वास यील तर निस्ता ओल्या मातीचा. मी त्याच्यासंगं हेच करत वाढले. त्यात लपवण्यासारखं काय असतं हे मला कवा उमगलंच नाय.

लगीन झालं आन् इकडं कर्जताला आले, भिसेगावच्या अलीकडं, कुणब्याचं घर, भाताची शेती. सासूला मी आत्याबाय म्हणायची. बाई कष्टाची, पर संशयी अशी का ताकात पाणी जास्त दिसलं तरी सगळ्यांची तोंडं बघत बसायची. आता आमच्या हितली रीत काय, भुईला द्यायचं ते भाजून द्यायचं. भाताचं रोप टाकायच्या आदी त्या जागंवर शेण, पाला, काटक्या पसरून जाळायच्या, त्याला राब म्हणतात. जाळलं का शुद्ध झालं. आन् मी परसात खड्डा खणून न भाजताच पुरायला लागले. आत्याबाय म्हणल्या, न जाळता काय पुरतात ठावं हाय ना गं तुला? मी म्हणलं, आत्याबाय, सालं हायत ही. त्यांनी खड्ड्यात वाकून बघितलं. त्यांच्या त्या बघण्याचंच मला जास्त भ्या वाटायचं.

थंडीच्या दिसांत एकदा सकाळी मी फावडं घातलं तर खड्ड्यातनं वाफ निघाली. निघतेच ती, कुजताना आतून तापतं. मागं बघते तर आत्याबाय दारात उभ्या. त्यांनी ते मनात ठेवलं. होळी झाली आन् आमची म्हस आटली. म्हातारी व्हती, आटणारच. पर भगताला बोलावणं गेलं, आन् भगत घुमून म्हणला, घरामागं काय तरी पुरलंय. आवो, हे सगळ्या गावाला ठावं व्हतं, त्याच्यापायी अंगात कशाला आणायला पायजे?

तवर खड्डा भरून मी वरनं लिंपून टाकला व्हता. गाव जमलं. मालकांनी, म्हंजे माझ्या नवऱ्यानं, तो उकरला, माझ्याकडं न बघता. निघालं काय, काळी माती आन् गांडुळं. मी म्हणलं, सुटले. तर आत्याबाय पुढं आल्या, म्हणल्या, लिंबं कुठं हायत? मी डोळ्यानं पायलीत, रोज टाकत व्हती, लिंबं, टरफलं, हळदीचा भात. गेली कुठं? कोणाला घातली? लिंबं निघाली असती तर करणी, नाय निघाली तर त्याहून मोठी करणी!

भगत म्हणला, माती शिवेवर फेका आन् बाईला माहेरी धाडा. मालक सोडायला आले. मी म्हणलं, तुमालाबी तसंच वाटतं का? ते म्हणले, मला वाटून काय उपेग? ते मला लय लागलं. करणीवाली म्हणले त्यापरीस जास्त लागलं.

सगळा पावसाळा माहेरात काढला. असं नाव निघालेल्या बाईला परत कोण नेतंय? जेवताना बापाचा घास हातातच ऱ्हायचा.

भादव्यात आत्याबाय आल्या, एकल्याच, डोक्यावर पाटी, पाटीत हा थोरला लाल भोपळा. शिवेवर माती फेकली तिथं सालांसंगं खड्ड्यात पडलेल्या भोपळ्याच्या बिया रुजल्या व्हत्या, वेल बांधभर पसरलेले, आन् सगळं गाव गुपचूप भोपळे तोडून नेत व्हतं, कोण कोणाला सांगत नव्हतं. आत्याबाय म्हणल्या, मी खाल्ला नाय, पर खाणाऱ्यांना काय झालं नाय. आता खरं सांग, मंतर कोणता? बापानं त्यांना आपला खड्डा दावला, मूठभर माती हातावर दिली. त्यांनी हुंगली, चिमटीत चोळली, आन् म्हणल्या, इवाई, तुमी सांगणार नाय ते दिसतंय. पर मंतर आमच्या सुनेला दिलाय ना, मंग तो आमच्याच घरात पायजे. ऊठ गं, लुगडी बांध.

अशी मी परत आले. रडले, हसलेबी.

पुढं किती तरी वरसं भाजी पिकवली, आत्याबायनी खाल्लीबी, पर मी सालं टाकायला गेले का त्या दारात यायच्याच. शेवटी आंथरुणाला टेकल्या तवा मला जवळ वढून म्हणल्या, आता तरी सांग. मी म्हणलं, देवाशपथ, मंतर नाय. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. लय वाईट वाटलं वो मला. इतकी वरसं एका चुलीवर काढली आन् जाताना बाईनं इस्वास ठेवला नाय.

आता माझी सून दारात उभी ऱ्हाते. चांगली पोर हाय, देव तिला सुखात ठेवो, तिची कूस भरो. पर ती माझ्या तोंडाकडं बघते, काय पुटपुटते का म्हणून. मंग मीबी आताशा सालं टाकताना मुद्दाम ओठ हलवते. काय म्हणते? म्हणते, आत्याबाय, लिंबं आली, घ्या मोजून.

लिवलंत? हे तेवढं सुनेला वाचून दावू नका.