छपरावरचा माणूस मीच चढवला

जबाब
दिनांक १६ मे २०२५

नाव: बयाबाई गणपती खोत, वय ७३ वर्षे, धंदा घरकाम व शेती, रा. माळवाडी, ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहण्यास आहे. माझे पती मयत आहेत. मला धैर्यशील नावाचा एकच मुलगा असून तो पुणे येथे कंपनीत नोकरीस आहे. आज सकाळी त्यानेच पुण्याहून फोन करून आमच्या घरावर चोर चढल्याची खबर दिली व त्यावरून पोलिसांनी आमचे शेजारी आकाराम यांस ठाण्यात आणले, असे मला समजले. (येथे जबाब देणार यांनी, "मी असलं कवा बोलले? मी बोलते तसं लिवा, न्हायतर सही करत न्हाय," असे म्हटल्याने पुढील मजकूर त्यांच्याच बोलीत घेतला.)

तर लिवा. आकाराम चोर न्हाय. तेला छपरावर मी चढवला. पहार बी माझी, शिडी बी माझी, पत्रं बी माझंच. सकाळधरनं तुमी तेला बाकावर बसवलाय, ह्ये म्हंजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आन् हितं तर चोर बी न्हाय.

माझं पोरगं वाईट हाय असं बी लिवू नका. दोन वर्षामागं मी न्हाणीत घसरून पडले, तवापासनं तेच्या जिवाला घोर लागलाय. तेनं परड्यात खांबावर कॅमेरा बसवला. पुण्यात बसून बघतोय आन् त्यातनंच बोलतोय. "आई, गोळी घेतलीस का?" म्हनून खांब बोलाय लागला की म्हस बुजती. घराचा विमा बी उतरवला. समदं केलं लेकरानं. पन एक बोलला, "आता घरात काय जरी बिघडलं, तरी मी तुला पुण्याला घेऊन जाणार." तवापासनं फोनवर माझ्या घरात काय बी बिघडत न्हाय.

पुण्याला मी ऱ्हाऊन आले. सून चांगली हाय, खायाप्यायला कमी न्हाय. पन तिथं मला कोन हाक मारत न्हाय. बेल वाजवत्यात. हितं सकाळी चार बायका दारातनं "काकी" म्हनून वरडत्यात, तवा मला उजाडल्यासारखं वाटतंय.

घराला पुढं स्लॅब हाय, मागं सैपाकघरावर पत्रा. पत्र्याखालचं वासं वाळवीनं खाल्ल्यात. बोट लावलं की भुगा गळतोय. विम्याचा माणूस आलता, तेनं पुढनंच फोटो काढलं. मी तेला मागं न्हेलं, वासं दावलं. म्हनलं, "पावणं, हे पडलं तर भरून देणार का?" तो म्हनला, "मावशी, वादळानं पडलं तर विमा आहे. वाळवीनं खाल्लेलं बदलणं हे मालकाचं काम. ते न करता पडलं, तर कंपनी नाही म्हणेल." खरं बोलला बिचारा. चहा पाजून लावून दिला. विमा घर पडल्यावर येतोय की! पडू नये म्हनून आपल्यालाच उठाय लागतंय.

पोराला सांगितलं असतं तर तेनं गडी लावून छप्पर नवं केलं असतं, आन् मला गाडीत घालून न्हेलं असतं. म्हनून पत्रं काढून वासं बदलाय मी आकारामला गाठलं. तो म्हनला, "काकी, धैर्यशीलला सांगूया की." मी तेला जोतिबाची आन घातली. म्हनलं, कुणी बी इचारलं तरी माझं नाव घ्यायचं न्हाय. माझ्याच जिभेला हाड न्हाय, काय करायचं.

आज सकाळी आकाराम वर चढला. भुगा नाकात जातोय म्हनून तोंडाला टावेल बांधलाता. पोराला दिसू नये म्हनून मी कॅमेऱ्यावर वाकळ टाकली, गोधडी वाळत घातल्यासारखी. मला वाटलं, लई अक्कल चालवली! निम्मं पत्रं निघालं आन् पत्रं परत बसवायचं हूक कमी पडलं. तवर धैर्यशीलचा फोन वाजाय लागला. मी उचलला न्हाय. मी खोटं बोलाय लागले की तेला फोनात कळतंय. फोन फळीवर ठेवला आन् हूक आणाय दुकानाला गेले. मागनं वाऱ्यानं वाकळंचा कोपरा उचलला. आता तुमीच सांगा साहेब. कॅमेरा झाकलेला, आई फोन उचलत न्हाय, आन् तोंड बांधलेला माणूस पहारीनं पत्रं उचकटतोय. कुठल्या पोराचं काळीज ठिकाणावर ऱ्हाईल? "कोण आहे रे?" म्हनून खांबातनं वरडला म्हनं. आकारामनं उत्तर दिलं न्हाय. आन घातलेली होती न्हवं.

मी परत आले तर शिडी तशीच भिंतीला, खाली आकारामच्या चपला, आन् माणूस न्हाय. तुमच्या लोकांनी तेला अनवाणी आणलाय. चपला मी पिशवीतनं आणल्यात, आधी त्या तेला द्या. तेची बायको तानाबाई दारात हुबी हुती. रोज मला कालवणाची वाटी देणारी बाई, आज तिनं माझ्याकडं बघितलं बी न्हाय. ते मला लई लागलं.

तुमी आकारामला इचारलं, कुणी चढवला? तो गप. परत इचारलं, गप. गल्लीत चोर म्हनून नाव झालं तरी गप. आता हितं तुमच्यासमोर मी तेची आन सोडवते. बोल बाबा आकाराम, काय बोलायचं त्ये बोल. (यावर बाकावर बसलेले आकाराम यांनी, "काकी, निम्मं छप्पर उघडं हाय. सांजच्याला वळीव यील," एवढेच सांगितले.)

साहेबांनी धैर्यशीलला फोन लावून दिला. मी समदं सांगितलं, वाळवी, वासं, वाकळ. झाकली मूठ उघडली. तो म्हनला, "आई, मला का नाही सांगितलंस?" मी म्हनलं, "तू न्यायला आला असतास." तेनं न्हाय म्हनलं न्हाय. "उद्या येतो," एवढंच बोलला. न्यायला येतोय का बघायला, ते काय सांगितलं न्हाय. इचारायचा मला धीर झाला न्हाय.

आकाराम यांच्याविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही. घरातील कोणतीही वस्तू चोरीस गेलेली नाही. हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला, तो मी ऐकला व बाकावरच्या आकाराम यांनीही ऐकला. मी बोलले तसाच तो उतरला आहे, पदरचे काही घातलेले नाही. सही करण्याआधी मी एक मजकूर वाढवण्यास सांगितले, तो असा:

धैर्यशील उद्या येणार असंल तर हे तेला वाचून दावा. कॅमेऱ्यावर आता वाकळ घालणार न्हाय. पन न्यायला येऊ नको बाळा. निम्मं पत्रं ऱ्हायल्यात, आकाराम वर चढंल. शिडी धरायला ये.

सही: बयाबाई गणपती खोत