‘लो’ की ‘ला’

शिंपीण : ...आणि मग म्हणाली, त्रांकिलो. दोनदा म्हणाली. सगळ्यातला तेवढा एकच शब्द कळला बघा मास्तर, आणि माझ्या जिवात जीव आला.

मास्तर : आधी बसा, वहिनी. फोन कोणाचा होता?

शिंपीण : तिकडच्या दवाखान्यातल्या नर्सचा. रोज पोराच्या खोलीतल्या जोडीदाराचा येतो, तो मराठीत बोलतो. आज थेट तिचाच. सगळं स्पॅनिश, लाह्या फुटाव्यात तसं. पण हा शब्द माझ्या ओळखीचा. तिकडे जायच्या आधी पोरगा तुमच्या स्पॅनिशच्या शिकवणीला यायचा ना, तेव्हापासून घरात तोच शब्द. अरे, गाडी चुकेल म्हणावं, तर म्हणायचा, मी त्रांकिलो आहे, आई.

मास्तर : तिकडे तो मिठासारखा सगळ्यात लागतो. शांत, निवांत, काळजी नको, चालायचंच.

शिंपीण : तेच. रंग देताना परांचीवरून पडला, तेव्हापासून नुसता तळमळत होता. येताना जावेला सांगितलं, पोर शांत झालं एकदाचं. तर ती म्हणते कशी, असलं अभद्र बोलू नये, बरं आहे म्हणावं. तिच्या जिभेला हाड नाही आणि मला शिकवते.

मास्तर : वहिनी, नीट आठवा. शेवटी ‘लो’ होतं की ‘ला’?

शिंपीण : त्याने काय होतं?

मास्तर : आपल्यात बरा-बरी असतं ना, तसं. पुरुष असला की लो.

शिंपीण : आणि बाई असली की?

मास्तर : ला.

शिंपीण : लोच असेल. फोन खरखरत होता.

मास्तर : असेल.

शिंपीण : पण पोराच्या तोंडून ऐकायचे तसं नव्हतं ते. कानाला वेगळं लागलं. ‘ला’ होतं, मास्तर. म्हणजे शांत मी व्हायचं होतं? का पण? मी कुठे आरडाओरडा करत होते? मी तर नुसती हं हं करत होते.

मास्तर : उगाच मनाला लावून घेऊ नका.

शिंपीण : लावा फोन. नंबर आहे यात.

(मास्तर फोन लावतात. दोन-चार शब्द बोलतात, मग बराच वेळ नुसतं ऐकतात.)

शिंपीण : ठेवला? मलाच म्हणत होती ना ती?

मास्तर : हो. तुम्हालाच.

शिंपीण : आणि त्याचं काय म्हणाली?

मास्तर : पहाटे गेला, वहिनी. झोपेतच. सकाळी तेच सांगत होती ती.

शिंपीण : आणि मी हं हं करत होते. ठेवताना तिला हसून थँक्यू म्हणाले, मास्तर.

मास्तर : पाणी घ्या थोडं.

शिंपीण : त्याचा शर्ट मशीनवर आहे. बाह्या लावायच्या राहिल्यात.

मास्तर : मी येतो घरापर्यंत. जाऊबाईंना मी सांगतो, तुम्ही काही बोलू नका.

शिंपीण : तिला नवीन काय सांगायचं? पोर शांत झालं, हे मी सकाळीच सांगून आलेय.