म्हशीच्या जागेवर

उठा काय म्हणता मॅडम? — अशी कशी उठू, ही जागा मला तुमच्याच हापिसानं दिलीय की! विरेश सायबांना विचारा — त्यांच्याच खुर्चीवर आलाय न्हवं तुमी? — त्यांनी सांगितलं न्हाय? बरं, मग मी सांगते. आमची म्हैस बसायची हितं, ऐन चौकात, रवंथ करत — उठवली तरी उठायची न्हाय. विरेश सायबांनी गाड्या मोजल्या, कॉम्प्युटरवर चौकाचं गणित मांडलं, आन् त्यात म्हैस बी धरली! धरणार न्हाईत तर काय, रोजचीच ती. तिला वळसा घालून गाड्या सावकाश जायच्या, त्या हिशोबानं सिग्नल लावले — आन् काय सांगू, कोंडी म्हणून ऱ्हायली न्हाय. मग दिवाळीत म्हैस मेली.

झालं — गाड्या सुसाट, सगळ्या एकदमच पुढच्या सिग्नलला जाऊन तटल्या, नुसती बोंबाबोंब! मी म्हटलं, सायब, गणित बदला. तर म्हणाले, 'चंद्रव्वा, गणित वरनं मंजूर झालंय, आता रस्ताच दुरुस्त करावा लागंल.' दुसरी म्हैस कुटनं आणू मी? ही बाज आडवी टाकून बघितली — सायबांनी स्वतः टेप लावला — शिंगापासनं शेपटापतुर बरोबर! पण नुसती बाज कुणीबी उचलून न्हील, म्हणून वर मी.

ऊन? लागतं की. पण घरी सावलीत तरी काय हाय — दारात बसले की पोरगा अमृत म्हणतो, 'आई, सरक', सून म्हणती, 'आत्याबाई, सरका' — टीव्हीम्होरनं सरक, चुलीपासनं सरक — सरकत सरकत गोठ्यात गेले, तर तितं आता अमृतची मोटारसायकल! हितं अक्कलकोटची यष्टी बी मला वळसा घालून जाती, मॅडम. डायव्हर हात करतो. लई बरं वाटतं — खोटं कशाला बोलू.

नवं गणित केलंय? चौक मोकळा धरून? — मग मला कुटं धरलंय? — कुटंच न्हाय? अय्यो, म्हशीला धरलं आन् मला न्हाय? अडथळा म्हणून धरा की — आडवी नको तर उभी धरा — कडेला? कडेला मला कोण वळसा घालणार, सांगा बरं? न्हाय, न्हाय उठत मी. आन् आधी तुमी बाजूला व्हा — ती बघा यष्टी आली — कुटल्याच गणितात न्हाय तुमी, उगं मधी उभं ऱ्हाऊन रस्ता अडवू नका!