ट्रॉलीतली कोंबडी

चहा घ्या, अन् ऐका. एक होता माझा नातू बाळू, अन् एक होता शेजारच्या झरी गावचा दत्ता. जत्रंत ट्रॅक्टरची ट्रॉली उलटी न्यायची शर्यत असती. वाटंच्या दोन्ही बाजूचे झेंडे न पाडता जो आधी मागं नेईल, त्याला नवे टायर. दोघंबी त्यात उतरलेले. आमचे टायर पार गुळगुळीत झालते, नांगरटीला कुनी बोलवत नव्हतं.

माझी कोंबडी ट्रॉलीतल्या कडब्यात अंड्यावर बसलेली. बसलेली कोंबडी उठवायची नसती, म्हनून बाळू तिला घिऊनच सराव करायचा. एक दिवस दत्ता पानी प्यायच्या निमतानं आला अन् ट्रॉलीत डोकावला.

"आजी, ही कोंबडी कशाला वं?"

त्याचा डाव मी वळखला. म्हनलं, "कुनाला सांगू नको लेकरा. ट्रॉली वाकडी झाली की ती वरडती, मग बाळू स्टेरिंग फिरवतो."

"कोंबडीला कळतंय?"

"मानसापरीस जास्त."

शर्यतीच्या दिवशी दत्त्याच्या ट्रॉलीत खुराडं! भोंग्याच्या आवाजानं त्याची कोंबडी बिथरली, गप बसंचना. ती वरडली की हा स्टेरिंग फिरवी. एकबी झेंडा उभा ऱ्हायला न्हाई. आमचा बाळू मात्र सरळ मागं गेला.

दत्ता तणतणत आला, "आजी, तुमी खोटं बोललात!"

म्हनलं, "दुसऱ्याची युगत चोरायची, अन् वर ग्यारंटीबी मागायची व्हय रं?"

नवे टायर बसले. आता नांगरटीपायी बाळूला जेवायला सवड न्हाई. पैला निरोप आला, तो दत्त्याच्या सासऱ्याचा.