रावेरपाशी थांबलेली टॅब

भाईदास नाना : नासीरभाऊ, हिच्याकडून माझ्या रावेरच्या पॅकिंग हाउसचं काम काढून घ्या! हिनं वजनकाट्यावर जुनाच प्रोग्राम चढवला. केळी क्रेटसकट मोजली गेली!

नासीर : योग्य प्रोग्राम तयार आहे, नाना. रत्ना, पाठव पटकन रावेरला.

रत्ना : नाही पाठवणार. आधी टॅब सुधारते.

नाना : तिकडे गाड्या उभ्या शेतस! टॅब काय शे, माले सांग तरी.

रत्ना : प्रत्येक कामाची आमची वेगळी ब्रँच, म्हणजे प्रोग्रामची वेगळी प्रत असते, नाना. नावाची सुरुवात लिहून टॅब दाबली, की उरलेलं नाव कॉम्प्युटर भरतो. आम्ही शहाण्यांनी सगळी नावं तालुक्यापासून सुरू केली. 'रावेर' म्हटलं की बठ्ठा तालुका गोळा, सगळीच नावं! अक्षरक्रमानं पहिली आली ती जुनी ब्रँच. मी न बघता एंटर मारला.

नासीर : म्हणून तर म्हणतो, टॅब बंद. पूर्ण नाव हातानं लिहायचं.

रत्ना : गाड्या खोळंबल्या की तुम्हीही टॅबच दाबाल, नासीरभाऊ. नाना, एकादशीचं कीर्तन आठवतं? महाराजांनी अभंगाचे पहिले दोनच शब्द उच्चारले, अन् तुम्ही टाळ घेऊन...

नाना : ते कशाले काढते आते?

रत्ना : दोन अभंग सारखेच सुरू होणारे. निरूपण एकाचं चाललेलं, तुम्ही उचलला दुसराच.

नाना : बठ्ठा मांडव हसला माले.

रत्ना : माझ्या टॅबनं तेच केलं. टाळकऱ्यानं चालू निरूपण धरायचं. तरी उमगलं नाही तर पुढच्या शब्दासाठी थांबायचं. तिला तेवढंच शिकवते.

(रत्ना मान खाली घालून लिहीत राहते. नानांचा फोन दोनदा वाजतो. ती वर बघत नाही.)

रत्ना : झालं. संपलेल्या कामांच्या ब्रँच गाळल्या, ताज्या वर घेतल्या. नासीरभाऊ, तुम्ही दाबा.

नासीर : रावेर... टॅब. थांबली! दोनच नावं दाखवते, बिल आणि वजन.

रत्ना : 'व' द्या.

नासीर : 'रावेर-वजन-क्रेटवजा'. बरोबर भरलं.

रत्ना : सरका. मीच पाठवते. नाना, काट्यावर विचारा.

नाना : हॅलो, अभिमन? रिकामा क्रेट ठेव काट्यावर... काय दाखवते?... शून्य? मंग भरा गाड्या!

नासीर : मग नाना, रावेरचं काम कोणाकडे?

नाना : तिच्याकडेच राहू द्या. पोरी, आज कीर्तनाले येशी ना?

रत्ना : येते ना. तुम्ही टाळ घेणार?

नाना : घेसू. पण तिसरा शब्द ऐकीसन, मंगच.