प्रत्येक मूल आमचं

बसच्या रांगेत माझ्यापुढे नणंद-भावजय उभ्या होत्या.

"वन्सं, शाळेच्या जाहिरातीचं काम सोडलंत?"

"सोडलं नाही, वहिनी. त्यांनीच मला काढून टाकलं."

"आमच्या छकुलीमुळे?"

"छकुली अडखळत बोलते म्हणून तिला प्रवेश नाकारला, आणि वर मलाच सांगितलं, फलकावर लिहा, 'प्रत्येक मूल आमचं'."

"मग लिहायचं की मुकाट्यानं!"

"लिहिलं ना. खाली एक ओळ जास्तीची घातली."

"कसली?"

"'अडखळत बोलणारं सोडून.'"

"अगंबाई! छापलं?"

"फाटकावर लागलंसुद्धा. मोठे साहेब त्याखालीच उभे राहून पालकांना नमस्कार करत होते."

"बरी जिरवलीत! पण आता पुढे?"

"उद्या छकुलीला घेऊन पुन्हा प्रवेश मागायला जाणार. या वेळी मी गप्प बसणार. तीच बोलेल, आणि कितीही वेळ लागला तरी त्यांनी ऐकायचं."